खरं

दहावी ब. शेवटून दुसरा तास.
वडगावातले माग खिडकीतून आत येतात,
त्यांच्या खटखटीच्या वरच्या पट्टीत बोलायला
मी नऊ वर्षांत शिकले आहे.
एकोणीस मुलं, एकोणीस झेरॉक्स,
फक्त पहिल्या अंकाच्या.
उरलेले चार अंक माझ्या पिशवीत, डब्याखाली.

मध्यरात्र. किल्ल्याचा तट. बोचरी थंडी.
एक शिपाई ओरडतो, कोण आहे तिथं?
दुसरा म्हणतो, आधी तू सांग.

"टीचर, हे उलटं झालंय."
रोहिणी मुचंडीकर, हात वर न करताच उभी.
"पहाऱ्यावर जो हाय त्यानं विचारायचं असतंय.
हा तर आत्ता यायलाय."
तिचे वडील उद्यमबागेत फौंड्रीच्या गेटवर रात्रपाळीला असतात.
ते आधी कन्नडमधनं विचारतात, मग मराठीतनं.
आणि दोन्हीत उत्तर आलं नाही तर?
"तर मग कुत्रं असतंय, टीचर."
वर्ग हसून घेतो. ती थांबून राहते.
"खरं, जो भ्यालाय तोच आधी विचारतोय."

एवढंच सांगायला
मी दोन रात्री टाचण काढत होते.

बाकं सरकवून तट केला.
भूत व्हायला सगळेच तयार,
कारण भुताला या प्रवेशात एकही वाक्य नाही,
पाठांतर नाही.
कल्मेशला मिळालं. शिपाईमामांचं हेल्मेट,
काच वर केलेली, अंगावर प्रयोगशाळेचा पडदा,
आणि तो चालत गेला फळ्यापासून दारापर्यंत
इतका हळू
की पुढच्या बाकावरच्या दोघी
खरोखरच एकमेकींना चिकटल्या.
"थांब! बोल काहीतरी!" पहारेकरी ओरडले.
तो थांबला नाही.
बाहेर, व्हरांड्यात मात्र त्याला शिंक आली.

शेवटची दहा मिनिटं लेखन.
पहाऱ्यावर काय घडलं, एका वाक्यात.
लाल पेन घेऊन मी बाकांमधून फिरते.
भैरू सांबरेकरच्या वहीत, तिरप्या अक्षरात:
राजा दिसला खरं बोलला नाही.

आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.
बी.एड.ला असताना पुण्याच्या मुली
माझ्या तोंडून मुद्दाम वदवून घ्यायच्या ते, आणि हसायच्या.
तेव्हापासून दिसेल तिथे
मी त्याला गोल केला आहे,
वर लिहिलं आहे, पण.
नऊ वर्षांचे गोल. एखाद्या पिंपात मावणार नाहीत.

पेन टेकवलं, आणि तेव्हा आठवलं:
मार्चपासून भैरूच्या प्रगतिपुस्तकावर
चुलत्याची सही असते.
झेरॉक्स काढताना आठवायला हवं होतं.
पुढच्याच प्रवेशात तर तो आहे,
बापाच्या खुर्चीत बसलेला काका,
गोड बोलणारा, पोराला म्हणणारा,
किती दिवस धरून बसशील दुःख?
भैरूचा काका तसा नाही. चांगला माणूस आहे,
कणबर्गीहून सायकलवरून डबा आणून देतो.
हे मी स्वतःलाच सांगत राहिले
मागांच्या आवाजात.

"कोण कोण मरतंय, टीचर?" मागून कुणीतरी.
पहिल्या अंकात? कुणीच नाही.
सगळे अजून जिवंत आहेत,
जो आधीच गेलाय तो सोडून.
"मग शोकांतिका कशी काय ही?"
मी म्हटलं, उद्या.

घंटा झाली. बाकं परत जागेवर,
फरशीवर त्यांचे ओरखडे.
येळ्ळूरची बस धरणारे पळाले.
भैरूने हेल्मेट उचललं, काच खाली केली,
पुन्हा वर केली.
"टीचर, तो उद्या परत येतोय काय?"
कोण?
"राजा."

त्याच्या वाक्यावर मी गोल काढला नव्हता.
शाईचा एक ठिपका तेवढा, जिथे पेन थांबलं होतं.

येतो, म्हणाले मी.
येतो, खरं